तक्त्यातले एफपीएस आणि तुमच्या मॉनिटरवरचे

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ. मोठे, एकट्याने खेळायचे गेम जास्त, अधूनमधून काउंटर-स्ट्राइक. जो तो सांगतो, एएमडीचा ९८००एक्स३डी प्रोसेसरच घे. मित्र म्हणतो, इंटेलच्या २६५केचा भाव उतरलाय, तो घे. काय करू?

उत्तर : आधी एक फुकटातली चाचणी करा. नेहमीचा गेम लावा आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. आकडा ९५च्या वर चिकटून असेल, तर तुमचा प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसलाय. नवा आणलात तर तोही वाटच बघेल. आकडा ६०-७०वर रेंगाळत असेल आणि रिझोल्युशन (चित्राचा बारकावा) १४४०पीवरून १०८०पीवर उतरवूनही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हलत नसतील, तर प्रोसेसर अपुरा पडतोय. प्रोसेसरच्या स्वतःच्या टक्क्यावर जाऊ नका. ३६००ला १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी काम चालवायच्या १२ रांगा. गेमचा मुख्य थ्रेड एकटा घामाघूम झाला, तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के!

९८००एक्स३डीची कीर्ती खोटी नाही. ९६ एमबी एल३ कॅशमुळे (चिपमधल्याच वेगवान मेमरीमुळे) त्याला डेटासाठी रॅमकडे कमी खेपा माराव्या लागतात. शिवाय जादा कॅशचा थर या पिढीत कोअरच्या (प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या भागांच्या) खाली गेलाय, त्यामुळे उष्णता कूलरकडे सरळ जाते आणि क्लॉक (कोअरचा वेग) चढा ठेवता येतो. पण परीक्षणांतले ते उंच स्तंभ बहुधा सर्वांत महागडं कार्ड लावून १०८०पीवर काढलेले असतात. परीक्षकाला प्रोसेसरमधला फरक दाखवायचा असतो, म्हणून ते योग्यच. तुमच्या ४०७०वर, १४४०पीला सेटिंग्ज चढवून खेळताना, ४७९ डॉलरला आलेला हा आणि २७९ला आलेला ९६००एक्स यांतला फरक बहुतेक मोठ्या गेममध्ये जाणवणार नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये आकडा वाढेल, पण १६५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला १६५ फ्रेमच्या पुढे दाखवणार कुठून?

मित्राचं निम्मं बरोबर आहे. २६५के २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ३९४ डॉलरला आला आणि वर्षभरात तीनशेच्या आसपास उतरला. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर या भावात तो चांगलाच. निव्वळ गेमसाठी मी घेणार नाही. एक्स३डीचं, म्हणजे जादा कॅशवाल्या चिपचं, गणित उलटं. २०२४च्या अखेरीस ७८००एक्स३डीचा साठा आटला, तेव्हा त्या जुन्या चिपची किंमत चक्क चढली होती.

आणि चिपच्या किमतीवर हिशेब थांबत नाही. एएमडीचा एएम५ असो वा इंटेलचा नवा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), बोर्ड बदलावा लागेल, डीडीआर५ रॅमही घ्यावी लागेल, आणि २०२५च्या अखेरीस तिचे भाव भडकले होते. म्हणून माझं मत : बी४५०चा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि त्याच सॉकेटवर ५७००एक्स३डी बसवा. त्यालाही ९६ एमबी कॅश आहे. तो मिळाला नाही तर ५७००एक्स. रॅम, बोर्ड जागच्या जागी.

प्रश्न : फक्त गेमसाठी ९९५०एक्स३डी घ्यावा का? १६ कोअर आहेत.

उत्तर : नको. ती जादा कॅश त्याच्या दोनपैकी एकाच चिपलेटवर (कोअरच्या गटावर), म्हणजे आठच कोअरना आहे, आणि गेम तिथेच पळवायचा असतो. ६९९ डॉलर देऊन उरलेले आठ कोअर रेंडरिंगला लावणार असाल, तर गोष्ट वेगळी.