सगळं पंतप्रधानच ठरवतात, तर मंत्रिमंडळ कशाला हवं?
कारण संसदीय पद्धतीत जनता पंतप्रधानाला थेट निवडत नाही. कनिष्ठ सभागृहाचा विश्वास आहे तोवरच सरकार टिकतं. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडलं!

मंत्री नेमणं, खाती वाटणं, बैठकीची विषयपत्रिका ठरवणं हे पंतप्रधानाच्या हातात असतं, आणि खरी ताकद तिथेच आहे. पण निर्णय झाला की तो सगळ्या मंत्रिमंडळाचा मानला जातो. आत कितीही भांडा, बाहेर एकच सूर. पटत नसेल तर राजीनामा द्यायचा. इराक युद्धाच्या प्रश्नावर २००३ मध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी तेच केलं. यालाच सामूहिक जबाबदारी म्हणतात.

उलट बाजूही आहे. १९९० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याकडे संसदेत बहुमत होतं, पण पक्षनेतेपदाच्या लढतीत पहिल्या फेरीत पुरेशी मतं मिळाली नाहीत आणि बहुतेक मंत्र्यांनी ‘तुम्ही जिंकणार नाही’ असं तोंडावर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. मंत्रिमंडळ नुसतं शिक्के मारायला असतं, हे म्हणूनच मला पटत नाही.