आजोबांवर गेलाय की लाडावलाय?

प्रश्न : ताई, आम्ही नेरुळला राहतो. दोन मुलगे, मोठा ९ वर्षांचा आणि धाकटा ६. मोठ्याला राग भयंकर, परवा कॅरममध्ये हरला तर स्ट्रायकर असा भिरकावला की शोकेसची काच तडकली. धाकटा हरला तरी हसत सोंगट्या गोळा करतो. सासूबाई म्हणतात हा डिट्टो आजोबांवर गेलाय, जित्याची खोड आहे ती. आमचे हे म्हणतात, तू लाडावून ठेवलायस. म्हणजे रक्त सासरचं नि दोष माझा! खरंच हे जन्मतःच असतं का?

उत्तर : "रक्त सासरचं नि दोष माझा" वाचून आधी हसले, सॉरी. पण सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत बरं का. जुळ्यांवर जगभर झालेल्या अभ्यासांची २०१५ साली बेरीज केली, दीड कोटीच्या आसपास जोड्यांचा डेटा होता, त्यात माणसामाणसातल्या फरकांमध्ये अनुवंशाचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. हा आकडा घरी सांगू नका, लगेच "बघ, अर्धा आजोबा" होईल. तो हजारो माणसांमधल्या फरकाचा हिशेब आहे, तुमच्या एकट्या पोराचा असा अर्धा-अर्धा वाटा करताच येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोनी १९५६ पासून मुलांना अगदी तान्हेपणापासून बघितलं. कुणी पहिल्या महिन्यांतच भोकाड पसरणारं, कुणी शांत, कुणी नव्या गोष्टीला बिचकणारं. पण पुढे त्रास कुणाला झाला, तर घराच्या अपेक्षा नि पोराची मूळ ठेवण यांचं जुळलं नाही त्याला. माझी भाची कोपरखैरण्याला स्विमिंगला जायची, आठवडाभर नुसती काठावर पाय सोडून बसली, बाकीची पोरं धबाधब उड्या मारतायत आणि ही आपली पायांनी पाणी हलवतेय. कोचने ढकललं नाही की चिडवलं नाही, नवव्या दिवशी स्वतःच उतरली. बिचकी ती अजून आहे, पण पोहते मस्त.

आणि दोघं एकाच घरात वाढले असं आपण म्हणतो ना, तसं नसतं. मोठा ३ वर्षं एकटा राजा होता, मग वाटेकरी आला. धाकट्याने दादाशिवायचं घर बघितलेलंच नाही, हरायची सवय त्याला पहिल्यापासून, दादाच मोठा ना.

तेव्हा राग येणं लगेच जाणार नाही, राग आल्यावर हाताने काय करायचं ते शिकवता येतं. हात वर जायच्या आधी उठून गॅलरीत जा, पाणी पी, मग ये, एवढंच, रोज. आणि "आजोबांवर गेलाय" हे त्याच्यासमोर बंद करा, कारण ९ वर्षांच्या पोराला ती परमिशन वाटते.

हो, आणि पुढच्या डावाला ह्यांना बसवा नि हरल्यावर ते काय करतात तेही बघा. शोकेस आधी झाकून ठेवा.