आजोबांच्या पेटीत सापडलेली काडतुसे भरण्याची अवजारे: ओळख कशी पटवावी आणि वापरावीत का?

माळ्यावरच्या सागवानी पेटीत आजोबांची काही पितळी अवजारे सापडली, त्यांत मेजाच्या कडेला आवळण्याचे एक यंत्र आणि लाकडी मुठीचे एक माप आहे, रानडुकरांनी तूर उकरून टाकल्यामुळे आजोबांच्या बाराबोर बंदुकीसाठी घरीच काडतुसे भरावीत असे मनात आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या वर्णनावरून ही अवजारे काडतुसे भरण्याचीच आहेत. ती वापरू मात्र नयेत, असे माझे ठाम मत आहे. भंडारा जिल्ह्यातील आमच्या घरी मालगुजारीच्या काळातील असाच एक संच आहे, त्यामुळे जे हाताळले आहे तेवढेच सांगतो.

मेजाला आवळण्याचे यंत्र काडतुसाचे तोंड वळवण्याचे आहे. जुन्या काडतुसाचे नळकांडे जाड कागदाचे असे. त्याच्या बुडाला टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारी धातूची लहान वाटी), आत दारू, तिच्यावर नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) जाड डाट, मग छर्रे आणि सर्वांत वर पुठ्ठ्याची पातळ चकती अशी भरणी झाली की, नळकांडे या यंत्रात बसवून दांडा फिरवीत, म्हणजे कागदाची कड आत वळून चकतीवर घट्ट बसे. यंत्रावर १२ किंवा १६ असा आकडा कोरलेला असेल, तर तो बोअरचा आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास भरतो तो बाराबोर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. अडकित्त्यासारखे काही असेल, तर ते वापरलेली टोपी काढून नवी बसवण्याचे असावे. लाकडी दांडा डाट ठासण्याचा. अशी अवजारे बहुतेक इंग्लंडहून येत, त्यामुळे शेफील्डच्या डिक्सन किंवा हॉक्सली या कारखान्यांचे नाव कुठे दिसते का, ते भिंगाने पाहावे.

सर्वांत लक्षपूर्वक पाहण्यासारखी वस्तू म्हणजे ते माप, आणि धोकाही त्यातच आहे. आमच्या मापाची पितळी नळी मुठीत सरकते आणि तिच्यावर एका बाजूला दारूसाठी ड्रॅमच्या, तर दुसऱ्या बाजूला छर्‍यांसाठी औंसाच्या खुणा आहेत. तीनच्या ड्रॅम-खुणेभोवतीचे पितळ बोटांनी झिजून गुळगुळीत झाले आहे. तीन ड्रॅम म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम, पण ते काळ्या, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या दारूचे. आजची बिनधुराची दारू तिच्याहून जोरकस असते, म्हणून काडतुसातील तिचे वजन बहुधा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते. जुने माप नव्या दारूने खुणेपर्यंत भरले, तर बंदुकीच्या नळीत किती दाब निर्माण होईल याचा विचार करा. माझ्या चुलत आजोबांनी नेमके हेच केले होते. कारखान्याची काडतुसे फोडून त्यांतील दारू त्यांनी या मापाने जुन्या नळकांड्यांत भरली. दुसऱ्याच बाराला बंदुकीची नळी बुडाशी फाटली आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ते माणूस अत्यंत सावध होते. फक्त माप कोणत्या दारूचे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

कायद्याची बाजू लोकांना सहसा माहीत नसते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे आपल्या पेटीतील रिकामी अवजारेसुद्धा निव्वळ जुनी पितळी भांडी ठरत नाहीत. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणून आजोबांची परवान्याची पुस्तिका शोधा, पेटीतील वस्तूंची छायाचित्रांसह यादी करा आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेकडे लेखी विचारणा करा. आजोबांच्या पश्चात बंदूक आपल्या नावावर झालेली नसेल, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करावा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये त्याची तरतूद आहे. परवाना मिळाल्यावरही तयार काडतुसेच घ्यावीत आणि त्याआधी बंदूक जाणकाराकडून तपासून घ्यावी, कारण जुन्या बंदुकीचे काडतुसाचे घर (नळीचा मागचा, काडतूस बसण्याचा भाग) बहुधा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची काडतुसे पुष्कळदा ७० मिलिमीटरची असतात. रानडुकरांसाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

पेटीत टोप्यांची डबी किंवा दारूचा डबा असेल, तर तो हलवू नका, उघडू नका आणि चुलीत तर मुळीच टाकू नका, ठाण्याला कळवा. आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात कौलांखालचा माळा किती तापतो, हे आपण जाणताच.

अवजारे आपल्याकडे ठेवण्यास लेखी मुभा मिळाली, तर पितळ चिंचेने लख्ख करू नका, त्याने कोरीव अक्षरे पुसट होतात. मऊ कापडाने धूळ पुसावी, लोखंडी भागांना मशीनच्या तेलाचा हलका हात द्यावा आणि लाकडी मुठींना जवसाचे तेल चोळावे. ते कापड मात्र चुरगळून पेटीत टाकू नये, कारण जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ते बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्यावे.