‘जुने दप्तर नष्ट केले’ हे उत्तर पुरेसे आहे का?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीकडे वीस वर्षांपूर्वीच्या ठरावाची नक्कल मागितली असता ‘जुने दप्तर नष्ट केले’ असे तोंडी सांगण्यात आले. आता काय करावे?

उत्तर : तोंडी उत्तरावर थांबू नये. महाराष्ट्रात कार्यालयीन अभिलेखांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘क-1’ आणि ‘ड’ असे वर्ग पाडले जातात. ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे, तर ‘ड’ वर्षभर जपायचा असतो. नष्ट करण्याजोगी कागदपत्रे सहा गठ्ठे पद्धतीत (कार्यालयातील कागद सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवण्याच्या रीतीत) वेगळ्या गठ्ठ्यात बांधली जातात, आणि मुदत संपल्यावरही त्यांची यादी करून, सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घेऊनच ती नष्ट करायची असतात. रद्दीवाल्याची पावती म्हणजे मंजुरी नव्हे! म्हणून माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : त्या ठरावाच्या इतिवृत्ताचा वर्ग, नाशनाची यादी आणि मंजुरीचा आदेश. यादीच नसेल, तर कागद ओलीने चिकटलेल्या एखाद्या बस्त्यात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) असू शकतो. अशा वेळी अपिलात लेखी शोध अहवालाचा (कागद कुठे व कसा शोधला याच्या नोंदीचा) आग्रह धरावा.