गरोदरपणात व्हायरल ताप आला तर बाळाला ऑटिझम होतो का?
एखाद्या साध्या व्हायरल तापाने झोप उडवून घेऊ नका. ठोस पुरावा आहे तो रुबेलाचा (म्हणजे जर्मन गोवर). 1964 च्या अमेरिकेतल्या साथीनंतर न्यूयॉर्कला बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी पोटात असतानाच रुबेला झालेली 243 मुलं तपासली. 10 जणांत पूर्ण, 8 जणांत अर्धवट ऑटिझम दिसला. तेव्हाच्या मानाने हे प्रमाण प्रचंडच. (त्यातल्या बऱ्याच मुलांना ऐकूही येत नव्हतं.) फ्लूबिलूचा फार तर संबंध दिसतो, कारण म्हणता येत नाही, आनुवंशिकतेचा वाटा कितीतरी मोठा. तरी ताप अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी घ्यायची. आणि गंमत बघा, ऑटिझम होतो या अफवेपायी व्हॉट्सअॅपवर बदनाम आहे ती नेमकी हीच लस!