चार मात्रांची पोकळी

प्रिय,

शोककवितेवरचं तुझं टिपण वाचलं. वृत्त बरोबर ओळखलंस, यमकांच्या जोड्या लावल्यास, पालुपद किती वेळा येतं तेही मोजलंस. पण कुणीतरी कायमचं गेलंय, हे त्या टिपणात कुठेच जाणवलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी कविता मोठ्यानं वाच, मग पेन्सिलीनं लघु-गुरू मांड: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. 'शब्द'मधला 'श' पुढच्या जोडाक्षराच्या आघातानं गुरू होतो, 'तुझ्या'मधला 'तु' मात्र लघुच राहतो. तिथे एका ओळीची तुझी मांडणी चुकली आहे. आणि वृत्ताच्या नावाशी थांबू नकोस. मंदाक्रांता वृत्तात ओळीला 17 अक्षरं, आणि यती, म्हणजे विराम, त्यांचे 4, 6 आणि 7 अक्षरांचे तुकडे पाडतात. आधी चार गुरू जड पावलांनी येतात, मग पाच लघू एकदम धावतात. दाटलेला गळा आणि मागून आलेला उमाळा यात ऐकू येऊ शकतो, पण त्या जागी तसे शब्द बसले असतील तरच. कालिदासाच्या रघुवंशातला अजविलाप, म्हणजे पत्नी गेल्यावर अज राजानं केलेला शोक, वियोगिनी वृत्तात आहे: विषम चरणात 10 अक्षरं, सम चरणात 11. ती विषम चाल कानानं ऐकून बघ.

'गेला-आला-झाला' अशी क्रियापदांची यमकं मराठीत सहज जुळतात, त्यांचं फार कौतुक नको. कान यमकाची वाट पाहतो आणि ते येत नाही, तिथे खूण कर.

खरं काम पुनरुक्तीत आहे. एक पालुपद मीच रचून दाखवते: 'येतो, दार लोटून घे'. मात्रा 14. पहिल्या कडव्यात बाहेर पडणारा माणूस हे रोजच्यासारखं सहज म्हणतो. मधल्या कडव्यात तीच ओळ मागे राहिलेलीला नुसती आठवते. शेवटी ती स्वतःलाच म्हणते, 'दार लोटून घे'. आता मात्रा 10. 'येतो'च्या चार मात्रा गळल्या आणि कानाला तिथे पोकळी लागली. 'मृत्यू' हा शब्द कुठेच आलेला नाही. 'पालुपद तीनदा आले' असं लिहिणाऱ्याच्या हातून हे सगळं निसटतं, कारण खरं तर ते तीनदा आलेलंच नाही.

तू टिपण लिहिलंस त्या कवितेतही शेवटच्या पालुपदात एक शब्द बदललाय. तू तो 'किरकोळ फरक' म्हणून कंसात टाकलास. नवा खर्डा त्या शब्दापासून सुरू कर आणि झाला की लगेच पाठव.

तुझी,
बाई