ट्रॅक कशावर वाजवायचा? वाचकांचे प्रश्न आणि एका साउंड इंजिनिअरची उत्तरं

श्रावण लागला की कोजागिरीपर्यंत मला एकच प्रश्न येत राहतो: कार्यक्रमात ट्रॅक (म्हणजे गायकाच्या आवाजाशिवायची तयार साथ) वाजवायला काय घेऊ? गाव बदलतं, मंडळ बदलतं, प्रश्न तोच. प्रश्नात नेहमी एखाद्या यंत्राचं नाव असतं. पण कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्र आणि मिक्सर यांना जोडणाऱ्या वायरीमुळे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आलेल्यांपैकी काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

सोसायटीच्या कार्यक्रमात ब्लूटूथवरून ट्रॅक वाजवले तर चालतील का? (पुणे)

नाही. वायर वापरा.

मोबाइल, टॅब की लॅपटॉप? प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी हौशी गायिका आहे, महिन्यातून एखादा कार्यक्रम असतो. (नाशिक)

तिन्हींतलं जे इतर कामाला वापरत नाही, ते. जुना मोबाइल घरात पडून असेल तर तो नव्या लॅपटॉपपेक्षा बरा. त्यात सिम नको. एअरप्लेन मोड लावाच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एअरप्लेन मोडमध्येही अलार्म वाजतो, तो स्पीकरमधून अख्ख्या हॉलला ऐकू जातो. सगळे अलार्म पुसून टाका.

एक गाणं संपल्यावर पुढचं आपोआप सुरू होणार नाही असं ॲप घ्या. निवेदिका बोलत असताना पुढच्या गाण्याची सुरावट सुरू झाली की तिचाही आणि तुमचाही तोल जातो. मॅक असेल तर नाटकवाले वापरतात ते क्यूलॅब बघा, दोन चॅनेलच्या साध्या कामाला त्याची मोफत आवृत्ती पुरते. आणि सगळे ट्रॅक घरीच एका पातळीवर आणून ठेवा. एक ट्रॅक हळू, पुढचा कानठळ्या बसवणारा, अशी यादी घेऊन आलात तर साउंडवाला रात्रभर फेडरशी, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीशी, झटापट करत बसतो आणि तुमच्या आवाजाकडे त्याचं लक्ष राहत नाही.

मोबाइलला ईपी पिनचं, म्हणजे नेहमीच्या हेडफोनच्या पिनचं, भोक नसेल तर टाइप-सीचा जोड लागेल. तो आधी घरी लावून बघा, सगळे जोड सगळ्या फोनना चालत नाहीत.

घरी हेडफोनवर ट्रॅक उत्तम वाजतो. हॉलमध्ये मात्र तबला आणि बेस गायब होतो, नुसती व्हायोलिन ऐकू येतात. ट्रॅक विकणाऱ्याने फसवलं का? (सांगली)

ट्रॅक विकणाऱ्याचा दोष नाही. वायर चुकीची आहे. मोबाइलच्या ईपी पिनमधून दोन वेगळे आवाज निघतात, डावा आणि उजवा. तुमच्या वायरीच्या एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला एकच कॅनन (मायक्रोफोनच्या वायरीला असतो तो तीन पिनांचा जोड) असणार. मिक्सरचा कॅनन इनपुट बॅलन्स्ड असतो: पिन २ वर आलेल्या आवाजातून तो पिन ३ वरचा आवाज वजा करतो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखी असते, ती त्या वजाबाकीत जाते. मायक्रोफोनसाठी ही सोय फार चांगली. पण तुमच्या वायरीतून एका पिनवर डावा आवाज जातो आणि दुसरीवर उजवा. ट्रॅकमध्ये जे मधोमध ठेवलेलं असतं, म्हणजे बेस, किक ड्रम, बहुतेक वेळा तबला आणि ढोलकीसुद्धा, ते दोन्हीकडे सारखंच असतं. म्हणून तेच कापलं जातं. बाजूला ठेवलेली व्हायोलिन आणि घुमारा तेवढा उरतो.

ईपीवरून दोन मोनो पिना निघणारी वायर घ्या. त्या दोन पिना दोन चॅनेलच्या डीआय बॉक्समध्ये (मोबाइल-लॅपटॉपचा आवाज मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला जुळवून देणाऱ्या डबीत) लावा आणि तिथून दोन कॅनन वायरी मिक्सरच्या दोन चॅनेलना न्या. ट्रान्सफॉर्मर असलेला साधा, वीज न लागणारा डीआय पुरतो. तो चांगल्या मायक्रोफोनपेक्षा स्वस्त येतो. साउंडवाल्याकडून चुकून त्या चॅनेलवर ४८ व्होल्टचा फॅन्टम पॉवर (मिक्सर वायरीतून मायक्रोफोनला देतो ती वीज) चालू राहिला तरी ट्रान्सफॉर्मरमुळे तो तुमच्या मोबाइलपर्यंत पोचत नाही.

एकच चॅनेल मोकळा असेल तर ट्रॅक घरीच मोनो करा आणि मोनोत पूर्ण ऐका. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज वजा करून केलेल्या काही ट्रॅकमध्ये एक बाजू दुसरीच्या बरोबर उलटी असते. तो ट्रॅक मोनो केला की काहीच उरत नाही.

लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून सतत घुऽऽ असा आवाज येतो. दुकानदार म्हणाला, चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका. काढू का? (गणेशोत्सव मंडळ, रत्नागिरी)

नाही. आणि ज्यांनी आधीच काढली आहे त्यांनी आज प्लग बदलून घ्यावा, उद्यावर ढकलू नये.

हा सल्ला मला वर्षानुवर्षं ऐकू येतो आणि दर वेळी संताप होतो, कारण पिन काढली की आवाज खरोखर थांबतो आणि देणारा शहाणा ठरतो. मग ती युक्ती लॅपटॉपवर थांबत नाही. पुढच्या वर्षी तीच मिक्सरवर होते, अॅम्प्लिफायरवर होते. या धातूच्या पेटीच्या वस्तू आहेत. आत एखादी फेजची तार सुटून पेटीला टेकली तर अर्थिंगच्या तारेतून प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी तुटते. पिन नसेल तर तो प्रवाह वाट बघत राहतो. पेटी, तिला जोडलेली मायक्रोफोनची वायर, मायक्रोफोनची लोखंडी जाळी, सगळ्यांत वीज असते. भाद्रपदात मांडवाखालची जमीन ओली असते. देवासमोर म्हणून गाणारी मुलगी अनवाणी उभी असते आणि तिचे ओठ त्या जाळीला लागलेले असतात. घुऽऽ थांबवण्यासाठी हे करायचं?

तो आवाज कुठून येतो ते समजून घ्या. लॅपटॉप स्टेजवरच्या सॉकेटला, मिक्सर मांडवाच्या मागच्या टोकाच्या सॉकेटला. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो. ऑडिओ वायरीच्या जाळीने तुम्ही ती दोन टोकं जोडता आणि तिच्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. तोच स्पीकरमध्ये ऐकू येतो. खात्री करायची असेल तर चार्जर पूर्ण काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर कारण हेच. मध्ये डीआय बॉक्स लावा आणि त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त ऑडिओ वायरीची जाळी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. या कामासाठीच ते बटण दिलेलं असतं. तरीही आवाज राहिला तर दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावरून चालवून बघा.

आणि हे सगळं करण्याआधी लायसन असलेल्या वायरमनला बोलवा. मांडवाच्या सॉकेटना अर्थिंग खरोखर पोचलं आहे का, जनरेटरचं अर्थिंग वेगळं केलं आहे का, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. मायक्रोफोनला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर "एवढं चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत कार्यक्रम थांबवा.

ट्रॅकसाठी इंटरफेस (संगणकाचा आवाज मिक्सरला देणारा डबा) घ्यायचा आहे. दुकानात 'झीरो लेटन्सी'वाला महाग मॉडेल सुचवला. घ्यावा का? (ठाणे)

तुमचं गाणं थेट मिक्सरमध्ये जातं, संगणकातून जात नाही. मग लेटन्सीचा, म्हणजे संगणकातून जाताना आवाजाला होणाऱ्या उशिराचा, प्रश्न येतोच कुठे? बटण दाबल्यावर ट्रॅक काही मिलिसेकंद उशिरा सुरू झाला तर कुणाच्याही लक्षात येत नाही. उलट बफर (संगणक आवाज आधीच साठवून ठेवतो तो साठा) वाढवून ५१२ किंवा १०२४ वर ठेवा, ट्रॅक अडखळणार नाही. नुसत्या ट्रॅकला दोन बॅलन्स्ड आउटपुटचा साधा इंटरफेस भरपूर झाला. क्लिकही (लय धरायला वादकाच्या कानात वाजणारी टिक-टिक) लागणार असेल तर पुढचं उत्तर वाचून मगच पैसे काढा.

आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, ढोलकी आणि कीबोर्ड प्रत्यक्ष वाजतात, बाकीची वाद्यं ट्रॅकवर. लय सुटते. (कोल्हापूर)

वादकाच्या कानात क्लिक हवी आणि ती प्रेक्षकांना ऐकू येता कामा नये. त्यासाठी चार आउटपुट लागतात: दोन ट्रॅकचे, एक क्लिकचा, एक निवेदनाच्या खुणांचा. फोकसराइटचा ४आय४ किंवा बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी या जातीचे इंटरफेस चालतील. दोनच आउटपुट असतील तर उजवीकडे मोनो ट्रॅक आणि डावीकडे क्लिक ठेवा, पण वायरींना रंगीत टेप लावा. अदलाबदल झाली तर टिक-टिक अख्ख्या मैदानात वाजेल.

ढोलकीवाल्याला क्लिकवर वाजवायची सवय नसेल तर यंत्र घेण्याआधी महिनाभर तालीम घ्या. क्लिक कानात जोरात लावून तासन् तास वाजवू नका. कान वाजायला लागले तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

माझी पट्टी काळी एक. घरी ट्रॅक बरोबर होता, हॉलमध्ये चढला. साउंडवाला म्हणतो तुमचे कान थकलेत. (सोलापूर)

कान ठीक आहेत. ४४.१ किलोहर्ट्झ रेटची (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असलेली) फाइल ४८ च्या वेगाने वाजली. अशा वेळी पट्टी जवळजवळ दीड सेमीटोन चढते. म्हणजे काळी एक सुटून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी, पेटीवर जिला पट्टीच नाही अशा जागी. लयही वाढते: चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. घड्याळ लावून बघा, वाद मिटेल. हॉलच्या यंत्रावर ट्रॅक वाजणार असेल तर कोणत्या रेटची आणि कोणत्या प्रकारची फाइल हवी हे आधी फोन करून विचारा. पेनड्राइव्हवर नुसती एमपी३ नेऊ नका, काही डिजिटल मिक्सर फक्त वेव्ह (.wav) फाइल वाजवतात.

'एचडी वेव्ह' ट्रॅकचा संच स्वस्तात मिळतोय. (अकोला)

१२८ केबीपीएसच्या एमपी३ची वेव्ह केली की फाइल मोठी होते, आवाज सुधारत नाही. एकदा उडालेला वरचा भाग परत येत नाही. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम उघडून बघा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास भिंतीसारखा कापला गेला असेल तर ते एचडी नाही. एक ट्रॅक मागा, तपासा, मग संच.

भारतातून कराओके मिक्सर घेऊन आलो तर चालेल का? (न्यू जर्सी)

मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर. नुसतं २३० असेल तर तिथेच घ्या.

ट्रॅक विकत घेतला म्हणजे जाहीर कार्यक्रमात गायची परवानगी मिळाली का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. ट्रॅकची किंमत वेगळी आणि गीत-संगीताचा जाहीर प्रयोग वेगळा. तो आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे, येतो. मूळ ध्वनिमुद्रिका वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्नही येतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला आणि धार्मिक विधींना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात काही सवलती आहेत, पण तुमचा कार्यक्रम त्यात बसतो की नाही हे आयोजकांनी वकिलाला विचारावं. मला नको.

परवा कार्यक्रम आहे. कोणता प्लेअर मागवू? (वसई)

कोणताही नाही. नव्या यंत्राची पहिली तालीम कार्यक्रमाच्या दिवशी होत नसते. आहे त्या फोनवर ट्रॅक ठेवा. तेच ट्रॅक त्याच क्रमाने दुसऱ्या फोनवर टाका आणि तो फोन मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला जोडून तयार ठेवा. साउंडवाल्याला आजच फोन करून दोन्ही फोनसाठी डीआय आणि चॅनेल सांगून ठेवा. हॉलवर दुपारी जा आणि एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून बघा.